चाळीस मीटर

भानुदास लोखंडे शेवटच्या वळणावर आला तेव्हाच मला कळलं, जमणार नाही. मान मागं पडली होती आणि हात छातीपाशी गोळा झाले होते. तरी तो थांबला नाही. रेषा ओलांडून चार पावलं पुढं गेला, गवतावर गुडघे टेकले आणि ओकला. सकाळचे सात वाजत होते. जानेवारीचं धुकं मैदानावरून पुरतं उठलं नव्हतं.

तोंड पुसत त्यानं विचारलं, "किती, मॅडम?"

"चार मिनिटं, एकवीस चार."

त्यानं बूट काढले, एकमेकांना लावून माझ्या पायाशी ठेवले. ते शाळेचे होते.

"उद्यापासनं मी येनार न्हाई," तो म्हणाला.

स्पर्धा आठ दिवसांवर आल्या होत्या. त्या वेळी मी जे बोलले ते आजही आठवतं, आणि आठवलं की बरं वाटत नाही. मी त्याला म्हटलं की दिनकर फडतरे याच मैदानावर पंधराशे मीटर अनवाणी पळाला होता आणि चार सतरा आठ आणले होते. तुला बूट आहेत, दूध आहे, रोज घड्याळ घेऊन उभी राहणारी बाई आहे. तुझ्यात जिद्दच नाही. भानुदासनं मान खाली घालून ते ऐकलं आणि तसाच अनवाणी फाटकातून निघून गेला. तेव्हा तो दहावीत होता.

हे एकोणनव्वद सालातलं. आमचं कृष्णाकाठ हायस्कूल त्या वर्षी शंभर वर्षांचं होत होतं. मी तिथलीच विद्यार्थिनी, आणि सहा वर्षांपासून तिथंच खेळाची शिक्षिका.

शाळेच्या सभागृहात सागवानी फलक होता. त्यावर १९०३ पासूनचे मैदानी खेळांतले विक्रम पांढऱ्या रंगात लिहिलेले होते. कोणी विक्रम मोडला की जुनी ओळ खरवडून नवी लिहायची, अशी पद्धत. लांब उडी, गोळाफेक, शंभर मीटर या ओळी पुष्कळदा बदलल्या होत्या. चार ओळींना मात्र कुणाचा हात लागला नव्हता. चारशे, आठशे, पंधराशे आणि रिले. चारींपुढं एकच साल होतं, १९६१. जानेवारीतल्या एकाच दुपारी हे चार विक्रम झाले होते आणि शाळेत त्या दिवसाला सोन्याचा दिवस म्हणत. आठशे आणि पंधराशेपुढं नाव होतं दिनकर सखाराम फडतरे. त्याच उन्हाळ्यात तो फौजेत भरती झाला आणि पासष्टच्या लढाईत गेला. आम्ही खेळाचे शिक्षक मुलांना उठता बसता त्याचं नाव सांगत असू.

शताब्दीच्या स्मरणिकेत शाळेच्या क्रीडापरंपरेवर एक प्रकरण असावं, असं मुख्याध्यापक इनामदार सरांनी ठरवलं आणि ते काम माझ्याकडं आलं. त्यासाठी मी खर्शीकर सरांकडं गेले होते. पस्तीस वर्षं ते शाळेत खेळाचे शिक्षक होते, माझेही तेच. आता चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घाटाजवळच्या दोन खोल्यांत ते एकटे राहत. त्यांनी मला कापडात बांधलेला वह्यांचा गठ्ठा दिला आणि म्हणाले, "सगळ्या वाच. मधल्या वगळू नकोस."

भानुदास निघून गेला त्या दुपारी मी त्या वह्या घेऊन खेळाच्या खोलीत बसले. सरांचं अक्षर बारीक, सरळ. कुठल्या वर्षी कोण पहिलं आलं, कुणाचा गुडघा फुटला, चुना किती लागला, सगळं होतं. बेचाळीस सालापुढं एकच वाक्य होतं, 'मुले भूमिगत, स्पर्धा नाहीत.' चोपन्न साली मुलींची पहिली शर्यत झाली, तीही कनात लावून, आणि पळणाऱ्या पाचजणींपैकी दोघी लाजून मध्येच थांबल्या. एकोणसाठला वार जाऊन मीटर आले. दर जानेवारीत सर मैदान कसं आखलं ते लिहून ठेवत. दोन सरळ बाजू ऐंशी ऐंशी मीटरच्या, त्यांचे दगड पुरलेले. दोन टोकांना दोन वळणं, मधल्या खुंटीला टेपची कडी अडकवून चुन्यानं ओढायची. त्रिज्या अडतीस मीटर वीस. मिळून फेरी चारशेची.

१९६१ च्या पानावर हेच होतं. पुढं कंसात 'टेप जुनी, दुरुस्त करून आणलेली' एवढं जास्त. बासष्टच्या पानावर एक ओळ होती. 'नवी टेप आली. जुनी ताडून पाहिली. आरंभी १ मी. ७० सें. नाही. रद्द.'

मी पान उलटलं आणि पुन्हा मागं आले.

टेपच्या सुरुवातीचा पावणेदोन मीटरचा तुकडा नव्हता, म्हणजे ती अडतीस दाखवत असताना प्रत्यक्षात साडेछत्तीसच भरत होते. दोन्ही वळणं तेवढी आत ओढली गेली होती. कागद घेऊन मी गणित मांडलं. फेरी तीनशे एकोणनव्वद मीटरची येत होती. तीन वेळा केलं, तीनदा तेच. पंधराशेच्या शर्यतीत पावणेचार फेऱ्या. म्हणजे त्या दुपारी दिनकर फडतरे पंधराशे मीटर पळालाच नव्हता. चौदाशे साठ पळाला होता. उरलेल्या चाळीस मीटरना त्याला आणखी सात सेकंद तरी लागले असते. चार मिनिटं पंचवीस.

मग मी माझी स्वतःची वही काढली. भानुदासनं आज चार एकवीस आणले होते. गेल्या वर्षीच्या स्पर्धेत, नववीत असताना, चार चोवीस. त्या दिवशी तो बक्षीस घ्यायला व्यासपीठावरसुद्धा आला नव्हता, कारण मी त्याला म्हटलं होतं की पहिलं येणं म्हणजे काही नाही, फलक बघ.

संध्याकाळी मी सरांकडं गेले. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. माझ्या हातात ती बासष्टची वही बघितली आणि म्हणाले, "सापडलं का?"

मी मान हलवली. त्यांनी आत जाऊन चहा ठेवला. मी करते म्हटलं तर करू दिला नाही. कप माझ्या हातात दिला. मग सांगायला लागले तेव्हा सलग सांगितलं.

टेपची सुरुवात विरली होती म्हणून त्यांनी ती मोच्याकडं शिवायला दिली होती. त्यानं फाटका भाग कापून पितळेची कडी पुढं शिवली. सरांनी आकडा नेहमी शेवटाकडचा बघितला, सुरुवात बघायचं सुचलं नाही. विक्रम झाले, गावात मिरवणूक निघाली. वर्षानं नवी टेप जुनीशेजारी अंथरली तेव्हा ते मैदानातच खाली बसले. त्याच रात्री त्यांनी मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला. पण दिनकरला आधी सांगावं, मग अर्ज द्यावा, असं त्यांच्या मनात आलं. तो तेव्हा बेळगावला शिकाऊ फौजी होता. पत्र लिहिलं, टाकलं नाही. असं पत्रातून कसं सांगायचं? रजेवर आला की सांगू.

"आला का?" मी विचारलं.

"मे महिन्यात आला. पहिली रजा. पेढे घेऊन आला, इथं या खुर्चीवर बसला. दोन तास होता. मी त्याला जेवणखाण, परेड, सगळं विचारलं. तेवढं राहिलं." "पुढच्या रजेला म्हटलं पुढच्या रजेला. तीनदा आला तो. मग पासष्टचा सप्टेंबर."

त्यानंतर काही सांगण्याचा प्रश्नच उरला नाही, असं ते म्हणाले. शाळेनं शोकसभा घेतली तेव्हा दिनकरच्या आईला, सगुणाबाईंना बोलावलं होतं. सरांनी त्यांना फलकापाशी नेऊन नाव दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांचं बोट धरून एकेका अक्षरावरून फिरवलं. त्यानंतर दर वर्षी स्पर्धेच्या दिवशी त्या पिंपळवाडीहून यायच्या. सर त्यांना सभागृहात घेऊन जायचे, फलक वाचून दाखवायचे, मग दोघं मैदानाकडेला बसून शर्यती बघायचे. हे मी लहानपणापासून बघत आले होते. सगळी शाळाच बघत आली होती.

"त्या बाईजवळ मुलाचं म्हणून तेवढंच राहिलंय," सर म्हणाले. "तेही माझ्या टेपनं दिलेलं. ते काढून घ्यायचं माझ्याच्यानं झालं नाही."

मी विचारलं, "आणि भानुदास, सर?"

तो किती पळाला ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून हिशोब केला आणि म्हणाले, "दिनकरच्या वीस मीटर पुढं असता." हे बोलताना क्षणभर त्यांचा आवाज मैदानावरच्यासारखा झाला. मग खाली बघत म्हणाले, "सत्तावीस वर्षं मी नुसता बघत बसलो, विजया. त्यात तुझ्यासारखे शिक्षक आले आणि त्यांनाही मी त्याच आकड्यामागं लावलं. वह्या तुला दिल्या त्या याच्यासाठीच. स्वतः बोलायचं धाडस नाही म्हणून. तू लिही काय ते. फक्त सगुणाबाईंच्या कानावर जाऊ देऊ नकोस."

स्मरणिकेत छापायचं आणि सगुणाबाईंच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, हे कसं व्हावं? मी तसं म्हटलं नाही. त्या रविवारी सरांना न सांगता मी पिंपळवाडीची एसटी धरली.

सगुणामावशी ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. साठी उलटलेली बाई, काटक. धाकट्या मुलाच्या संसारात राहत. मला त्यांनी ओळखलं, बस म्हणाल्या, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मी पण शेंगा घेतल्या. शताब्दी, पाहुणे, यंदा स्पर्धांना जीप पाठवू, असं सगळं बोलून झालं. मावशी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, तुमी जीप सांगाया न्हाई आला."

मी म्हटलं, "मावशी, दिनकरदादाच्या शर्यतीचं आहे."

"बोला की."

आणि मला बोलता येईना. मी एक शेंग सोलली, दुसरी सोलली. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि आवाज थोडा खाली आणून विचारलं, "मैदान आखूड हुतं, त्येच ना?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

पहिल्या रजेवर आला तेव्हा दिनकरनंच त्यांना सांगितलं होतं. फौजेत मोजलेल्या मैदानावर पळवतात. तिथं त्याला किती केलं तरी शाळेतला आकडा येईना. आधी त्याला वाटलं आपली ताकद गेली. मग त्याच रजेत एका पहाटे शाळेच्या मैदानावर गेला आणि आपल्या पावलांनी फेरी मोजली. त्या वर्षीच्या चुन्याच्या खुणा बघितल्या आणि आपण पळालो तेव्हाची वाट आठवून बघितली. त्या साली वळण कडुनिंबाच्या आतून जात होतं, आता बाहेरून जात होतं. घरी येऊन तो आईला म्हणाला, आमचं मैदान आखूड होतं. मी काय तेवढा जोरात पळालो नव्हतो.

"मी म्हनलं, मग सांग की मास्तरांना," मावशी म्हणाल्या. "तर म्हनला, न्हाई. त्यांनी किती आनंदानं लिवून घेतलंय त्ये. त्यांच्या हातनं चूक झाली ह्ये कळलं तर त्ये जेवायचे न्हाईत. आये, तूबी बोलू नगंस. म्हनून मी न्हाई बोलले."

"पण तुम्ही दर वर्षी येता, मावशी. नाव बघायला."

"नाव बघाया कशापायी येऊ? माझं प्वार मला ठावं हाय की." त्यांनी सुपातल्या टरफलांवरून हात फिरवला. "दिन्या गेल्यावर शाळंत सभेला बोलावलं, तवा मास्तरांनी माझं बोट धरलं आन त्या फळीवर फिरवलं. बोट सोडायचं त्यांना सुचंनाच. मला वाटलं, ह्या मानसाला दुसरं कोन हाय? ह्येला माझ्या पोराचं दुख माझ्यापरीस जड झालंय. येत जावं वर्षातनं एकदा. त्यांना बरं वाटंल. म्हनून येते."

मग त्यांनी मला बजावलं की यातलं काही मास्तरांना कळू देऊ नका. म्हातारपणी कशाला त्यांच्या जिवाला घोर.

आता दोघांनीही मला एकच गोष्ट सांगितली होती, एकमेकांपासून लपवायला. मी गप्प राहिले असते तर तिसरी झाले असते. मी सुपावरून हात काढला आणि म्हटलं, "मावशी, सरांना माहीत आहे. बासष्टपासून. तुम्हाला कळू नये म्हणून ते बोलले नाहीत."

सुनेनं चहा आणून ठेवला, तो तिथंच निवला. शेवटी मावशींनी विचारलं, "म्हंजी दिन्या पेढं घिऊन गेला तवा बी?"

"तेव्हाही."

त्या उठल्या. हात धुतले, आत जाऊन धड लुगडं नेसून आल्या. "एसटी किती वाजता हाय?" त्यांनी विचारलं.

सर दुपारच्या झोपेतून उठून बाहेर आले होते. आम्हा दोघींना दारात बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. माझ्याकडं त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरलेले नाही. खुर्ची पुढं केली, मावशी बसल्या नाहीत, उंबऱ्यावर टेकल्या. सरांनी हात जोडले. "सगुणाबाई, माझ्या हातून..." एवढंच त्यांना जमलं.

"मास्तर, त्याला ठावं हुतं," मावशी म्हणाल्या.

सरांना कळलं नाही. मावशींनी पुन्हा सांगितलं. पावलांनी मोजलं ते, कडुनिंबाचं, न बोलण्याचं. सर खुर्चीवर बसले.

"मग मला का नाही बोलला तो?"

"तुमाला लागंल म्हनून."

"इथंच बसला होता. दोन तास." सरांनी मान हलवली. "मीही बोललो नाही, तोही नाही."

मावशींनी पदरानं तोंड पुसलं. कुणी रडत नव्हतं. मग सरांनी एक प्रश्न विचारला, आणि तो खेळाचा शिक्षकच विचारील असा होता. "फौजेतल्या मैदानावर त्याला किती लागले, काही म्हणाला होता का?"

"आकडं मला कळत न्हाईत, मास्तर. पर तितंबी सगळ्यांच्या म्होरंच आलो म्हनला."

सर त्यावर हसले. अगदी थोडं. पण इतक्या वर्षांत दिनकरचं नाव निघाल्यावर त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

पुढचे दिवस धावपळीचे गेले. इनामदार सरांना हे छापणं पसंत नव्हतं. शंभर वर्षांनी एकदा स्मरणिका निघते, मंत्री यायचेत, माजी विद्यार्थी परगावाहून यायचेत, आणि आपणच आपला सोन्याचा दिवस पुसायचा? तेव्हा खर्शीकर सर काठी टेकत शाळेत आले. निवृत्तीनंतर मुख्याध्यापकांच्या खोलीत ते पहिल्यांदाच येत होते. उभ्यानंच म्हणाले, "स्मरणिका म्हणजे स्मरणच ना? मला हे आठवतंय." आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलेला कागद टेबलावर ठेवला. माझ्या प्रकरणात तो जसाच्या तसा छापला आहे. '१९६१ साली धावपट्टी मी आखली. टेप तपासली नाही. दर फेरीत दहा मीटर सत्तर सेंटिमीटर कमी भरले. मुले खरी पळाली, मैदान खोटे होते. त्या वर्षीचे चार विक्रम रद्द समजावेत. त्यानंतर जी मुले या आकड्यांपुढे हरली असे समजून घरी गेली, त्यांची मी क्षमा मागतो.' बाकीच्या विक्रमवीरांना त्यांनी स्वतः पत्रं घातली.

भानुदासकडं मात्र मला जायचं होतं. तो बापाबरोबर वीटभट्टीवर होता. मी सगळं सांगितलं. हातातला साचा खाली न ठेवता त्यानं ऐकलं.

"म्हंजी मागल्या वर्षीच?"

"हो. मागल्या वर्षीच मोडला होतास."

"आन तुमी म्हनत हुता, जिद्द न्हाई."

"म्हणत होते. चुकलं माझं."

त्यानं साचा पालथा केला, वीट काढली, दुसऱ्या साच्यात चिखल भरायला घेतला. मला वाटलं होतं तो आनंदानं उडी मारेल. आनंद नव्हताच. दोन वर्षं मी कुणाच्या मागं पळत होतो, एवढंच तो म्हणाला, आणि ते मला विचारत नव्हता. येशील का, असं मी विचारलं नाही. तेवढा अधिकार मला राहिला नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी तो आला. उशिरा, पंधराशेचं नाव पुकारत होते तेव्हा. कुणाकडं न बघता रेषेवर उभा राहिला. मी आदल्या दिवशी मैदान दोन वेगळ्या टेपांनी मोजून घेतलं होतं. तो त्या सकाळसारखा पळाला नाही. मोकळा पळाला, दुसऱ्या फेरीत एकदा मागं वळूनसुद्धा बघितलं. चार बावीस नऊ. मोठ्या आवाजात पुकारलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. विक्रम त्याचा झाला. तरी त्या सकाळी धुक्यात जे चार एकवीस चार त्यानं आणले होते ते कुठल्याच फलकावर आले नाहीत. तो पुन्हा कधी तेवढा वेगानं पळालाही नाही. पुढं एसटीत चालक झाला.

शर्यतीनंतर मी त्याला पाणी द्यायला गेले तर तो जागेवर नव्हता. मैदानाच्या कडेला, जिथं सर आणि सगुणामावशी बसायचे, तिथं जमिनीवर मांडी घालून बसला होता. सर त्याला काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते, बहुधा जे कागदावर लिहिलं होतं तेच. हात जोडायला लागले तेव्हा भानुदास अवघडला. मग त्यांना थांबवण्यासाठीच असेल, त्यानं मध्येच विचारलं, "सर, त्ये दिनकर फडतरे पळायचे कसे?"

सर थांबले. आम्हाला सरांनी दिनकरबद्दल शेकडो वेळा सांगितलं होतं. चार सतरा आठ सांगितलं होतं, अनवाणी सांगितलं होतं, शिस्त सांगितली होती. हे कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

"डावा खांदा पाडून पळायचा," सर हळूहळू म्हणाले. "किती सांगितलं तरी सरळ करायचा नाही. वळणावर आला की आतल्या पोराशी बोलायचा. शर्यत चालू असताना. काय बोलायचा कुणास ठाऊक, पण तो पोरगा हसायचा आणि मागं पडायचा." सर आता हातांनी दाखवायला लागले होते. "आणि शेवटच्या शंभर मीटरला..."

"तोंड उघडं टाकून पळायचा," सगुणामावशी म्हणाल्या. "घरनं शाळंत जाताना बी तसाच. मी म्हनायची, मुडद्या, माशी जाईल."

भानुदास हसला. सरही हसले, आणि म्हणाले, "एकदा गेलीही होती. आठशेच्या शर्यतीत. खोकत खोकत पहिला आला."

हे मावशींना माहीत नव्हतं. त्या सरांकडं वळून बसल्या आणि म्हणाल्या, "कवा? मला न्हाई कुनी सांगितलं. सांगा की."